कुत्र्याचा खाऊ आणि आपला तराजू

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कुत्रा असेल. ज्यांच्या घरी नसेल, त्यांची आळीतल्या एखाद्या कुत्र्याशी तरी ओळख असेलच. शाळेला निघताना खिशातले एक बिस्किट काढून त्याच्यापुढे टाकावे, त्याने शेपूट हलवावी आणि आपण खुशीत पुढे चालू लागावे, हा आनंद मी जाणतो. तो तुमच्याकडून काढून घ्यावा असा माझा मुळीच हेतू नाही. परंतु त्या बिस्किटाविषयी मला थोडे सांगावयाचे आहे. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने कुत्र्याच्या खाऊविषयी का बोलावे, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण आमच्या घरी घडलेल्या एका गोष्टीत आहे.

आमच्याकडे मोती नावाचा गावठी कुत्रा आहे. पूर्ण वाढ झाली तेव्हा त्याचे वजन १६ किलोग्रॅम होते. अंगाने सडसडीत, पळायला चपळ. माझे वडील निवृत्तीनंतर आमच्याकडेच असतात. सकाळी सहाला त्यांचा एक चहा आणि दुपारी साडेतीनला दुसरा. दोन्ही वेळा मोती त्यांच्या खुर्चीपाशी हजर. वडील ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा उघडत आणि "एक मला, एक तुला" असा हिशेब चाले. दोघांचाही तो दिवसातला सर्वांत सुखाचा वेळ होता. सकाळी पाच आणि दुपारी पाच अशी दहा बिस्किटे मोतीच्या पोटात जात. त्याचे दोन वेळचे जेवण अर्थातच वेगळे.

दोन वर्षे अशी गेली. मग मोती जिना चढताना मध्येच थांबू लागला. पुढे मागचा डावा पाय आखडून धरू लागला. आम्हाला वाटले, काटा लागला असेल. पशुवैद्यांनी त्याला वजनकाट्यावर उभे केले, तेव्हा काटा २१ किलोग्रॅमवर गेला. त्यांनी मोतीच्या छातीवर दोन्ही हात फिरविले आणि म्हणाले, "याच्या बरगड्या हाताला लागतच नाहीत. पायाला काही झालेले नाही. पायावरचे ओझे वाढले आहे. औषध देतो, पण खरे औषध म्हणजे खाऊ कमी करा."

घरी आल्यावर मी हे वडिलांना सांगितले. ते दुखावले गेले. "एवढ्याशा बिस्किटाने काय होते रे?" असे म्हणून ते गप्प बसले. मी वीस वर्षे महाविद्यालयात उष्णता हा विषय शिकवितो. पण त्यांच्या त्या साध्या प्रश्नाचे उत्तर मला त्या क्षणी देता आले नाही. रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ते गणित आता तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम बिस्किट घेऊ. पुड्यावर वजन छापलेले असते. पुड्याच्या वजनाला बिस्किटांच्या संख्येने भागले की एका बिस्किटाचे वजन मिळते. आमच्या घरच्या बिस्किटाचे वजन सुमारे ५ ग्रॅम भरले. अशा १०० ग्रॅम बिस्किटांतून सुमारे ४५० किलोकॅलरी ऊर्जा मिळते, म्हणजे एका बिस्किटातून सुमारे साडेबावीस. एक किलोकॅलरी म्हणजे किती, हे तुम्ही शिकला आहात : एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवावयास लागणारी उष्णता. तेव्हा मोतीच्या रोजच्या दहा बिस्किटांत २२५ किलोकॅलरी ऊर्जा होती. एवढ्या उष्णतेने माठातले तीन लिटर पाणी उकळबिंदूपर्यंत तापविता येईल! "एवढेसे बिस्किट" दिसायला एवढेसे असते, हे खरे. पण ऊर्जा डोळ्यांना दिसत नाही.

आता मोतीकडे वळू. त्याला दिवसाला किती ऊर्जा लागते? इथे एक सुंदर प्रश्न उभा राहतो. माझे वजन ६४ किलोग्रॅम, मोतीचे १६. मग त्याला माझ्या बरोबर एक चतुर्थांश अन्न लागेल का? तसे नाही. वस्तूची लांबी दुप्पट केली तर तिचे पृष्ठफळ चौपट होते आणि घनफळ आठपट. म्हणून लहान प्राण्याच्या शरीराला त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक असतो आणि उष्णताही त्या मानाने अधिक बाहेर जाते. माक्स रुबनर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८३ साली लहानमोठ्या कुत्र्यांवरच मोजमापे करून हा विचार मांडला होता. पुढे १९३२ मध्ये माक्स क्लायबर याने अनेक प्राण्यांची आकडेवारी एकत्र करून दाखविले की, विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची गरज ही साधारणपणे वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताच्या प्रमाणात असते. आजचे पशुवैद्यही याच नियमाचा आधार घेतात. कुत्र्याच्या वजनाचा तीन-चतुर्थांश घात काढावयाचा आणि त्याला ७० ने गुणावयाचे. उत्तर किलोकॅलरीमध्ये येते.

तीन-चतुर्थांश घात पाहून घाबरू नका. वजनाचे वर्गमूळ काढा, त्या वर्गमूळाचे पुन्हा वर्गमूळ काढा आणि येणाऱ्या संख्येचा घन करा. मोतीच्या बाबतीत हे तोंडी जमते. १६ चे वर्गमूळ ४, ४ चे वर्गमूळ २ आणि २ चा घन ८. आठाला ७० ने गुणले की ५६०. ही झाली नुसते पडून राहण्याची गरज. घरात राहणाऱ्या, नसबंदी केलेल्या, बेताचे हिंडणाऱ्या कुत्र्याला याच्या सुमारे दीडपट लागते. म्हणजे ८४० किलोकॅलरी.

पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम असा आहे की, दिवसभराच्या ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून अधिक खाऊतून येऊ नये, आणि तेवढे जेवणातून कमी करावे. मोतीचा हा वाटा झाला ८४ किलोकॅलरी, म्हणजे पावणेचार बिस्किटे. त्याला मिळत होती दहा, आणि जेवणात कपात शून्य! दिवसाला २,४०० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाच्या मापात सांगावयाचे, तर जेवणखाण सांभाळून वर रोज २८ बिस्किटे खाण्यासारखे हे झाले. घरात पॉमेरेनियनसारखा ३ किलोग्रॅमचा कुत्रा असेल, तर त्याची दिवसाची गरज सुमारे २४० किलोकॅलरी आणि खाऊचा वाटा २४. म्हणजे एकच बिस्किट! दुसरे उचलण्यापूर्वी हा आकडा आठवावा.

हे आकडे अंदाजाचे आहेत, हे विसरू नका. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांची गरज वेगळी असू शकते. वाढते पिल्लू, गाभण वा पिलांना पाजणारी कुत्री आणि आजारी कुत्रा यांचे हिशेब निराळे असतात; तेथे पशुवैद्यांनाच विचारावे. परंतु अंदाज ढोबळ असला तरी "एवढ्याशाने काय होते" यापेक्षा तो निश्चितच बरा.

कोणी म्हणेल, कुत्रा थोडा गुबगुबीत झाला तर काय बिघडले? उलट तो गोजिरवाणा दिसतो. याचे उत्तर देणारा एक प्रयोग अमेरिकेत झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. लॅब्रॅडोर जातीच्या ४८ पिलांच्या २४ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला जेवढे अन्न मिळे, त्याच्या तीन-चतुर्थांश दुसऱ्याला आयुष्यभर दिले. बाकी सर्व सारखे. भरपूर खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे भरले आणि बेताने खाणाऱ्यांचे १३ वर्षे. सांधेदुखीसारख्या व्याधींना औषध सुरू करण्याची वेळही दुसऱ्या गटावर उशिरा आली. जवळजवळ दोन वर्षांचा फरक! कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षे म्हणजे फार झाली. ज्या प्राण्याला आपण घरातला मानतो, त्याची दोन वर्षे आपण हाताने, लाडाने कमी करावीत का? माझ्या मते या साऱ्या चर्चेतला खरा प्रश्न हाच आहे.

किती द्यावे हे पाहिले. आता काय देऊ नये ते पाहू. कारण येथे चूक झाली तर वर्षे नव्हे, तास महत्त्वाचे ठरतात. आपण खातो ते कुत्र्याला चालतेच, हा समज घरोघरी आढळतो. पण दोघांच्या शरीरातील रसायनशाळा सारख्या नाहीत.

चॉकलेटचे उदाहरण घ्या. त्यात थिओब्रोमीन नावाचे द्रव्य असते. किरणोत्सर्गाच्या पाठात तुम्ही अर्धायुष्य ही कल्पना शिकला असाल. शरीरात गेलेल्या द्रव्यालाही अर्धायुष्य असते. थिओब्रोमीन निम्मे होण्यास माणसात सुमारे ६ ते १० तास लागतात, कुत्र्यात सुमारे साडेसतरा तास. रात्री आठला दिलेल्या चॉकलेटपैकी सकाळी आठला कुत्र्याच्या शरीरात निम्म्याहून अधिक थिओब्रोमीन शिल्लक असते, आणि त्यावर आपण दुसरा तुकडा देतो. दर किलोग्रॅम वजनामागे २० मिलिग्रॅमच्या आसपास उलट्या, जुलाब, बेचैनी दिसू लागते. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम थिओब्रोमीन असते, काळ्या कडवट चॉकलेटमध्ये त्याच्या दुपटीहून अधिक. ३ किलोग्रॅमच्या कुत्र्याला दुधाचे चॉकलेट ३० ग्रॅम गेले तरी त्रास सुरू होऊ शकतो, हे गणित तुम्हीच करून पाहा.

द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नाशिक आणि तासगावच्या आपल्या मुलखात हे मुद्दाम सांगावयास हवे. यामागचे कारण बरीच वर्षे सापडत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखविले. हे आम्ल आणखी कशात असते, हे रसायनशास्त्राचे विद्यार्थी चटकन सांगतील : चिंचेत! तेव्हा चिंचगुळाची आमटी भातावर ओतून कुत्र्याला घालणे टाळलेले बरे. बेदाण्याबाबत आणखी एक गोष्ट. सुमारे चार किलो द्राक्षे सुकली की एक किलो बेदाणे होतात. पाणी उडून जाते, आम्ल मागे राहते. मूठभर बेदाणे दिसायला थोडे, पण एका घडाइतके घातक.

कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. ती शिजवून किंवा वाळवून जात नाहीत. त्यामुळे कांदालसूण मसाल्याचा रस्सा भाकरीवर घालून देणे योग्य नव्हे. साखरेऐवजी वापरतात ते झायलिटॉल याहून वाईट. माणसाला ते निरुपद्रवी असते. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्शुलिन एकदम सुटते आणि रक्तातील साखर कोसळते. दर किलोग्रॅमला एक दशांश ग्रॅम एवढेही धोक्याचे. साखरविरहित च्युइंगगमच्या एखाद्या गोळीतही लहान कुत्र्याला पुरेल इतके ते असू शकते. दिवाळीतला चिवडा, शेव, चकली यांतील तेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. यांपैकी घातक असे काही कुत्र्याच्या पोटात गेलेच, तर घरगुती उपाय करीत बसू नका. काय खाल्ले, किती आणि केव्हा, हे कागदावर लिहून तडक पशुवैद्यांकडे जा.

हे सांगितले की हमखास एक उत्तर येते : "आमचा कुत्रा नेहमी द्राक्षे खातो, त्याला काही होत नाही." विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. द्राक्षाच्या बाबतीत कोणत्या कुत्र्याला कितीने बाधेल, हे आधी सांगता येत नाही. एकाला काही झाले नाही, एवढ्यावरून नियम बनत नाही. रस्ता न पाहता ओलांडूनही माणूस पुष्कळदा सुखरूप पलीकडे जातो. म्हणून तशी सवय लावून घ्यावयाची का?

हाडाचेही तसेच. कुत्रा आणि हाड ही जोडी चित्रात शोभते. परंतु हाड हे दोन पदार्थांनी बनलेले असते. कॅल्शियम फॉस्फेटयुक्त खनिजाने त्याला कठीणपणा येतो आणि कोलॅजेन या प्रथिनाने चिवटपणा. कोंबडीचे हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की खनिज निघून जाते आणि हाड रबरासारखे वाकते, हा प्रयोग तुम्ही केला असेल. शिजविताना याच्या उलट होते. कोलॅजेन बिघडते, चिवटपणा जातो, आणि दाताखाली हाडाच्या टोकदार चिपा होतात. त्या घशात किंवा आतड्यात रुततात. म्हणून शिजलेली हाडे देऊ नयेत. चघळण्यासाठी विकत मिळणाऱ्या वस्तूंनाही एक सोपी कसोटी लावता येते. अंगठ्याच्या नखाने दाबून जिच्यावर खूण उमटत नाही, ती वस्तू कुत्र्याच्या दाताला धोक्याची समजावी.

एवढे सगळे मी वडिलांना दुसऱ्या दिवशी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आमच्या लहानपणी मळ्यावरचा कुत्रा शिळी भाकरी आणि ताक खाऊन म्हातारा झाला. तेव्हा कुणी वर्गमूळ काढीत नव्हते."

मित्रांनो, हा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. वडिलांचे अर्धे म्हणणे विज्ञानाने खरे ठरविले आहे. २०१३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुके ताडून पाहिली. पिष्टमय पदार्थ पचविणारे अमायलेज हे विकर ज्या जनुकामुळे तयार होते, त्याच्या लांडग्यात २ प्रती आढळल्या. कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. माणसाच्या उंबऱ्याशी राहून, त्याचे उरलेले अन्न खाऊन कुत्रा हजारो वर्षांत भाकरी पचवावयास शिकला आहे. तेव्हा भाकरीचा कोरडा तुकडा हा काही वाईट खाऊ नव्हे. परंतु मळ्यावरचा तो कुत्रा पहाटेपासून बैलांमागे हिंडत होता, रात्री राखण करीत होता, आणि त्याला दिवसातून दोनदा साखरेची बिस्किटे कुणी देत नव्हते. मोती चार खोल्यांत राहतो. भाकरी तीच, पण खर्चाची बाजू बदलली. मी असे म्हटल्यावर वडील हसले आणि त्यांनी विचारले, "मग त्याला देऊ तरी काय?"

या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरातच आहे. दुकानात रंगीत वेष्टनांत कुत्र्याचा खाऊ मिळतो. कुत्र्यासाठी बिस्किटे बनविण्याचा धंदा काही नवा नाही; जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये तो सुरू केला. तो मूळचा वीजतंत्री होता, म्हणजे आमच्याच वाटेवरचा! चांगला विकतचा खाऊ देण्यास माझा विरोध नाही. पण वेष्टनावरच्या हाडाच्या चित्राने तो पौष्टिक होत नाही, आणि महाग असल्यानेही होत नाही. घटकांची यादी वाचावी, किलोकॅलरीचा आकडा शोधावा. तो छापलेलाच नसेल तर पुडा परत ठेवावा, असे माझे मत आहे.

घरचा खाऊ असा निवडता येतो. गाजराच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४० किलोकॅलरी असतात, काकडीत सुमारे १५. गाजराची पाच ग्रॅमची चकती म्हणजे दोन किलोकॅलरी. एका बिस्किटाच्या जागी अशा अकरा चकत्या बसतात. उकडलेली फरसबी, उकडलेला तांबडा भोपळा, बी काढलेली सफरचंदाची फोड, बिया काढलेले कलिंगड हेही चालते. मांसाहारी घरात मीठमसाल्याविना उकडलेल्या कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे करावेत.  उकडलेले अंडे उत्तम, पण अख्खे अंडे सत्तरएक किलोकॅलरीचे, म्हणजे मोतीचा जवळजवळ दिवसाचा खाऊ. त्याचे आठ तुकडे करावेत. बिनमिठाचे कुरमुरे हा तर माझ्या आवडीचा खाऊ, कारण त्यात घनता हा धडा शिकता येतो : जागा पुष्कळ, वस्तुमान थोडे.

एवढ्याशा तुकड्याने कुत्र्याचे समाधान कसे होणार, अशी शंका येईल. कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १,७०० रुचिकलिका असतात, आपल्या जिभेवर सुमारे ९,०००. त्याचे जग जिभेपेक्षा नाकाचे आहे. तुकडा किंचित कोमट केला की वासाचे रेणू अधिक संख्येने हवेत येतात आणि लहानसा तुकडाही मोठा वाटतो. शिकविण्यासाठी खाऊ देत असाल, तर बक्षिसाच्या आकारापेक्षा वेळ महत्त्वाची. "बस" म्हटल्यावर तो बसला की त्याच क्षणी तुकडा मिळावा; मिनिटाने दिलेल्या मोठ्या तुकड्याचा अर्थ त्याला लागत नाही. आणि वासाहून, चवीहून मोठी गोष्ट म्हणजे देणारा हात. मोती बिस्किटासाठी येत होता, हे खरे. पण तो वडिलांसाठीही येत होता.

रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी एक शब्द. त्यांचा प्रश्न लठ्ठपणाचा नसतो, भुकेचा असतो. म्हणून तेथे दोन बिस्किटांनी अपाय होत नाही. पण त्यांनी पोषणही होत नाही. त्यापेक्षा साधा भात, भाकरीचा कुस्करा, कधी अंडे आणि उन्हाळ्यात पाण्याचे भांडे ही खरी मदत. खाऊ भरवू नये, जमिनीवर ठेवून बाजूला व्हावे. आणि कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता आमच्या घरी काय झाले ते सांगतो. वडिलांनीच युक्ती काढली. आईची एक जुनी पितळी डबी त्यांच्याजवळ होती. रोज सकाळी ते त्या डबीत मोतीचा दिवसभराचा खाऊ भरतात : गाजराच्या चकत्या, भाकरीचे बारीक तुकडे, रविवारी अंडे आणि, हट्टाने, एक बिस्किट चार तुकडे करून. मुलांनी, पत्नीने, मी, कोणीही मोतीला काही द्यावयाचे ते या डबीतूनच. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचा खाऊ संपला. वर्गात मी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सांगतो, तेव्हा मला ही डबी आठवते. आत किती गेले हे नक्की ठाऊक असले की पुढचा हिशेब चुकत नाही. पूर्वी घरातले प्रत्येक माणूस "मी तर एकच दिले" म्हणत असे, आणि सगळेच खरे बोलत असत.

मोतीचे वजन आठ महिन्यांत १७ किलोग्रॅमवर आले. तो जिना चढतो. पावसाळ्यात पाय अजून थोडा दुखतो. झालेले नुकसान सगळेच भरून आले नाही, आणि ते मला खुपते. काटा, कागद आणि पेन्सिल तर दोन वर्षे घरातच होती.

तेव्हा येत्या रविवारी तुम्ही एवढे करा. कुत्र्याला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहा. मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. कुत्रा मोठा असेल, तर पशुवैद्यांकडच्या काट्यावर वजन करा. त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. हात सपाट पसरून त्याच्या पाठीमागची हाडे दुसऱ्या हाताच्या बोटांनी चाचपली की जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. तळहातासारखे मऊ लागले तर कुत्रा लठ्ठ, आणि मिटलेल्या मुठीच्या टेंगळांसारखे लागले तर रोड. मग आताच मांडले ते गणित करा, आणि घरातल्या सर्वांकडून दिवसभरात त्याला काय काय मिळाले, त्याची यादी करा. शिक्षकांनी हा उपक्रम वर्गात दिला, तर घातांक, उष्णता आणि आहार हे तीन धडे एकाच वेळी होतील.

घरी आजोबा किंवा आजी कुत्र्याला बिस्किटे देत असतील, तर त्यांच्या हातातला पुडा काढून घेऊ नका. त्यांच्या हातात एक डबी द्या.